एका कुरिअरचे नाव छापलेले खोके दुसऱ्या कुरिअरने किंवा टपालाने पाठवता येते का?

भडंग_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि भडंग, मेतकूट, हळद पूड व तासगावकडचा बेदाणा या जिनसा पुण्या-मुंबईच्या आणि काही परराज्यांतील ग्राहकांना घरूनच पाठवतो. खोक्यांवरचा खर्च वाचावा म्हणून घरी आलेले खोके आम्ही सहसा रद्दीत घालत नाही, त्यामुळे माळ्यावर दोन तऱ्हेची खोकी साठली आहेत. पहिली ऑनलाइन खरेदीतून आलेली, म्हणजे अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट अशी नावे छापलेली. दुसरी ज्या कुरिअर कंपनीकडे पूर्वी आमचे महिन्याचे खाते होते तिने दिलेली, तिचे नाव आणि चिन्ह ठळकपणे छापलेली, मुळीच न वापरलेली खोकी व प्लास्टिकच्या पिशव्या. ते खाते आम्ही बंद केले, माल मात्र तसाच राहिला.

दिवाळीच्या ऑर्डरी पाठवताना एका दुसऱ्या कुरिअरच्या काउंटरवर मी असेच एक खोके नेले, तर तेथील मुलाने ते वजनकाट्यावर ठेवूसुद्धा दिले नाही. "आमच्या गाडीत दुसऱ्याचे नाव चालत नाही" एवढेच तो म्हणाला. त्याच कंपनीच्या शहरातील दुसऱ्या शाखेत मात्र तसेच खोके कोणी वळूनही न पाहता घेतले. टपाल कार्यालयातील बाईंनी नावावर खाकी कागद चिकटवून आणायला सांगितले आणि चिकटवल्यावर पार्सल घेतले. तीन ठिकाणी तीन रीती पाहिल्यावर मला असे विचारावेसे वाटते की, याला कायद्याची मनाई आहे, कंपनीचा नियम आहे, की काउंटरवर बसलेल्या माणसाची मर्जी आहे? शिवाय माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिचे म्हणणे असे की तिकडे हा सरळ गुन्हा समजला जातो आणि खोके उलटे करून (आतली बाजू बाहेर काढून) वापरले तरी सुटका होत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पोवई_नाका_कुरिअर (सातारा)

ताई, मी साताऱ्यात एका कुरिअर कंपनीची शाखा चालवतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने उत्तर देतो. तुमच्या माळ्यावरच्या दोन तऱ्हांचा विचार वेगवेगळा करायला हवा, कारण त्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची मालकी सारखी नाही. ऑनलाइन खरेदीबरोबर आलेले खोके वस्तूसोबत तुमचे झाले. त्याचे तुम्ही काय करावे याच्याशी विकणाऱ्याला काही कर्तव्य नसते. कुरिअर कंपनीने खातेदाराला फुकट दिलेले सामान मात्र तिच्या सेवेसाठी दिलेले असते, आणि त्याची किंमत तुमच्या दरातच कुठेतरी धरलेली असते. तेच घेऊन तुम्ही तिच्या स्पर्धकाकडे गेलात तर पोलीस काही येणार नाहीत, पण ज्या बोलीवर ते सामान मिळाले ती बोली मोडली, एवढे खरे.

आता काउंटरवरचा मुलगा नाही का म्हणाला ते सांगतो. बहुतेक ठिकाणी याला लेखी नियमापेक्षा गाडीतली रीत कारण असते. सातारा-सांगलीकडून रात्री निघणारा पुष्कळ माल कंपनीच्या स्वतःच्या गाडीने जात नाही, तो खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातो. एकाच डिकीत तीन-चार कंपन्यांची पोती, सुटी खोकी, कोणाची मोटारसायकलची चाके, कोणाच्या द्राक्षाच्या पेट्या असे सगळे एकत्र भरलेले असते. पहाटे पुण्यात किंवा मुंबईत गाडी थांबते तेव्हा उतरवून घेणाऱ्या पोरांच्या हातात स्कॅनर नसतो. अंधारात, घाईत, हॉर्नच्या आवाजात ती पोरे खोक्याचा रंग आणि नाव बघून आपला माल ओढतात. तुमच्या खोक्यावर दुसऱ्याचे नाव असेल तर दोन गोष्टी घडतात. आमचा माणूस ते आपले नाही म्हणून डिकीतच सोडतो, किंवा त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस ते आपले समजून उचलतो. पोत्यात घालून तोंड शिवलेला माल असेल तर हा धोका नाही, पण मोठे खोके पोत्यात मावत नाही. ज्या शाखेने तुमचे खोके घेतले, तिचा माल बहुधा पोत्यातून किंवा कंपनीच्या बंद गाडीतून जात असावा.

म्हणून माझा सल्ला असा की नाव पूर्ण झाकावे. कोपऱ्यावर एक चिठ्ठी डकवणे म्हणजे झाकणे नव्हे; सहाही बाजूंना जिथे जिथे नाव, चिन्ह किंवा त्या कंपनीच्या रंगाचा पट्टा आहे तिथे खाकी कागद घालावा. ज्या टेपवर कंपनीचे नाव छापलेले असते ती टेपही काढावी, कारण पुष्कळांच्या नजरेतून ती सुटते.

निवृत्त_आरएमएस (मिरज)

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये मिरजेला छाननीच्या कामावर होतो. वरील उत्तरात नावाबद्दल जे सांगितले आहे ते बरोबरच आहे, परंतु माझ्या अनुभवाने पार्सल भरकटते ते नावामुळे कमी आणि जुन्या बारकोडामुळे अधिक. नाव माणूस वाचतो, आणि माणसाला निदान शंका तरी येते. यंत्र जे वाचेल ते खरे धरते.

टपालाच्या प्रत्येक नोंदणीकृत वस्तूवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, आणि शेवटी देशाची दोन अक्षरे, आपल्याकडे आयएन. स्पीड पोस्टचा क्रमांक ई या अक्षराने आणि रजिस्टर्डचा आर या अक्षराने सुरू होई. (२०२५ मध्ये रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली, पण जुन्या खोक्यांवर आर क्रमांकाच्या चिठ्ठ्या अजून सापडतात.) नऊ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर यंत्राला ते कळते. परंतु जुना क्रमांक हा चुकीचा क्रमांक नसतो. तो पूर्णपणे खरा असतो, फक्त त्या वस्तूचा प्रवास संपलेला असतो. असा क्रमांक आधी वाचला गेला तर पडद्यावर ती वस्तू कधीच बटवडा झालेली दिसते, आणि तुमचे नवे पार्सल वादात पडून बाजूला राहते. खासगी कंपन्यांच्या मोठ्या केंद्रांत सरकत्या पट्ट्यावर एकाहून अधिक बाजूंनी बारकोड वाचणारी यंत्रे असतात, तिथे तर तळाला राहिलेली चिठ्ठीसुद्धा पुरते.

लोक जुन्या बारकोडावर स्केचपेनाने एक आडवी रेघ ओढतात आणि काम झाले असे समजतात. त्या रेघेने काहीही होत नाही. बारकोडाच्या उभ्या पट्ट्यांची माहिती त्यांच्या जाडीत आणि मधल्या अंतरात असते, उंचीत नसते. त्यामुळे आडव्या रेघेच्या वर किंवा खाली बोटभर जागा शिल्लक असली तरी यंत्र तेवढ्यातून सगळे वाचते. खोडायचेच असेल तर पट्ट्यांना समांतर, वरपासून खालपर्यंत, मधल्या पांढऱ्या फटी बुजतील अशा जाड उभ्या रेघा ओढाव्यात. चौकोनी क्यूआर कोड त्याहून चिवट असतो. तो कशा पातळीचा छापला आहे त्यानुसार त्याचा सात ते तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, म्हणून त्यावर फुली मारून भागत नाही, तो पूर्ण काळा करावा किंवा खरवडून काढावा.

सर्वांत चांगले म्हणजे चिठ्ठी सोलून काढणे. कुरिअरच्या बहुतेक पांढऱ्या चिठ्ठ्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांच्यावरून कोमट इस्त्री किंवा केस वाळवायचे यंत्र फिरवले की कागद स्वतःच काळवंडतो आणि गोंदही सैल होतो. वर प्लास्टिकचे आवरण असेल तर इस्त्री लावू नये. चिठ्ठीवर तुमचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो, तो तुमच्या ग्राहकाच्या हाती किंवा पुढे त्याच्या रद्दीवाल्याच्या हाती कशाला द्यायचा, हाही विचार आहेच.

आमच्या वेळी पार्सल पांढऱ्या मांजरपाटात शिवून, टाक्यांवर लाख लावून येत असे, तेव्हा आतल्या खोक्यावर कोणाचे नाव आहे हा प्रश्नच उद्भवत नसे. आजही कोणी तसे शिवून आणले तर जुन्या खोक्याचे सगळे दोष एकदम झाकले जातात, पण एवढी उसंत कोणाला आहे!

परदेशी_पाटणकर

मूळचा पाटणचा, सध्या अमेरिकेत. नणंदबाईंनी सांगितले ते खरे आहे, मात्र ते तिथल्या सरकारी टपालापुरते आणि तिथल्या फुकट खोक्यांपुरते. अमेरिकी टपाल खाते, म्हणजे यूएसपीएस, प्रायॉरिटी मेल नावाच्या सेवेसाठी खोकी फुकट देते. कार्यालयात थप्पी लावलेली असते आणि मागवली तर घरपोचही येतात. त्यांतल्या फ्लॅट रेट खोक्यांना वजनाचा हिशेब नसतो, ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, देशांतर्गत दर ठरलेला. खोक्यावरच छापलेले असते की हे टपाल खात्याची मालमत्ता असून केवळ प्रायॉरिटी मेलसाठी दिलेले आहे आणि त्याचा गैरवापर हा संघीय कायद्याचा भंग ठरू शकतो.

उलटे करण्याबद्दलही त्यांच्या नियमावलीत स्पष्ट सांगितले आहे: खोक्याची घडी कशीही बदलली किंवा छपाई कितीही पुसली, तरी त्या खोक्यातून टपालाने जे जाईल त्याला प्रायॉरिटी मेलचाच दर लागेल. म्हणजे फुकट खोके उलटे करून स्वस्त सेवेने पाठवण्याची वाट त्यांनी बंद केली आहे. तिथल्या खासगी कंपन्याही आपल्या जलद सेवेची पाकिटे आणि खोकी फुकट देतात, आणि ती जलद सेवेसाठीच असतात. दुकानातून विकत घेतलेल्या किंवा खरेदीबरोबर आलेल्या खोक्याला मात्र तिथेही कोणी हरकत घेत नाही, जुनी नावे आणि चिठ्ठ्या झाकल्या म्हणजे झाले. एक गंमत अशी की दारूच्या बाटल्यांचे खोके तिथले टपाल छपाई दिसत असेपर्यंत स्वीकारत नाही, आत पुस्तके असली तरीही.

कुपवाड_पुठ्ठा (सांगली)

आमचे कुपवाड एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचे काम आहे. आमच्या धंद्याच्या दृष्टीने तुम्ही नवीनच खोकी घ्यावीत हे उघड आहे, तरीही जुनी वापरायची असतील तर ती कशी वापरावीत ते प्रामाणिकपणे सांगतो.

खोके उलटे करणे ही नाव झाकण्याची सर्वांत स्वच्छ पद्धत आहे. खोक्याच्या चार उभ्या कडांपैकी एका कडेला जोड असतो. आत दोन बोटे रुंद पट्टी असते आणि ती गोंदाने किंवा तारेच्या पिनांनी बसवलेली असते. पिना असतील तर पक्कडीने एकेक सरळ करून काढाव्यात, गोंद असेल तर बोथट सुरी सावकाश फिरवून पट्टी सोडवावी. मग सगळे खोके जमिनीवर सपाट पसरावे, छपाईची बाजू आत जाईल अशा रीतीने सर्व घड्या उलट्या दिशेला दुमडाव्यात, पट्टीला फेव्हिकॉल लावून वर पुस्तकांचे वजन ठेवावे आणि वाळल्यावर त्या कडेवरून बाहेरून टेप ओढावी. बाहेर नुसता खाकी पुठ्ठा दिसतो आणि जुनी चिठ्ठी राहिलीच तर ती आत जाते. हे करताना घडीवरचा कागद तडकतो का ते पाहावे. घडी एकदा एका बाजूला आणि मग उलट बाजूला वळली की तिथला धागा तुटतो, आणि तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, खोक्यात धरून ठेवायला दुसरे काही नसते. पाच प्लायचे खोके, म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्या मधे दोन नालीदार थर, हे उलटे करणे सोसते. तीन प्लायचे फक्त हलक्या मालाला चालेल. भडंगाला चालेल, हळदीला नाही.

जुने खोके पाहताना कोपरे दाबून पाहावेत. कोपरा बोटाने मऊ लागला तर त्या खोक्याची ताकद गेली, वरून ते कितीही नवे दिसो. नालीदार पुठ्ठा ओल धरतो आणि ओल धरली की खाली बसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर माळ्यावर ठेवलेली खोकी नवीन असली तरी नरम पडतात, आणि मग कुंभार्ली किंवा आंबा घाटातून भिजत जाणाऱ्या गाडीत ती तळाला आली तर काय होईल हे सांगायला नको. वास हा दुसरा मुद्दा. साबण, फिनेल किंवा अगरबत्ती आलेल्या खोक्यात मेतकूट घालू नये, पिशवी कितीही बंद असली तरी.

आता एक गोष्ट, जी खोक्याच्या नावापेक्षा तुमच्या खिशाला अधिक लागते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सर्वसाधारणपणे ५००० ने भागतात. तुमचे ऑनलाइन खरेदीचे खोके ४० बाय ३० बाय २५ असेल तर ते ६ किलोचे धरले जाते. त्यात भडंग थोडेच भरले असले तरी पैसे तेवढेच पडतात. तेच भडंग ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवले तर ३ किलोचे पैसे पडतात. फुकटच्या मोठ्या खोक्यात कागदाचे बोळे भरून पाठवणारे लोक वाचलेल्या खोक्याच्या कितीतरी पट रक्कम भाड्यात देतात, हे मी रोज पाहतो. मोठे खोके वापरायचेच असेल तर चारही कोपऱ्यांवर हव्या त्या उंचीपर्यंत कापून, तिथे बोथट सुरीने घडी पाडून ते बुटके करावे.

वकील_शनिवार_पेठ (सातारा)

कायद्यापुरते थोडक्यात. परदेशी खोक्यावरची ताकीद त्या देशाच्या टपालापुरती असते, ती आपल्याकडे लागू होत नाही. आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः ग्राहक आणि वाहतूक कंपनी यांच्यातील कराराचा आहे, म्हणून पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी वाचाव्यात. त्यांत पॅकिंगची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकलेली असते आणि माल फुटला तर अपुरे पॅकिंग हे कारण पहिल्याने पुढे केले जाते. जुने, दुसऱ्याच्या नावाचे, कोपरे मऊ पडलेले खोके असेल तर तुम्ही त्यांच्या हाती आयतेच कारण देता. पाठवण्यापूर्वी भरलेल्या आणि बंद केलेल्या खोक्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ चा प्रश्न कोणी काढील म्हणून लिहितो: दुसऱ्याचे चिन्ह आपण आपल्या मालाच्या वेष्टनावर लावणे आणि मुळात छापलेले खोके वाहतुकीसाठी पुन्हा वापरणे यांत फरक आहे. मात्र उरलेली कोरी, छापील खोकी तुम्ही इतरांना विकायला काढलीत तर ती कंपनी हरकत घेऊ शकते, ते करू नये.

भडंग_विश्रामबाग (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आकारमानाच्या वजनाचा हिशेब वाचून मी लगेच मागच्या पावत्या काढून पाहिल्या, आणि काही ठिकाणी खोके विकत घेतले असते तर स्वस्त पडले असते हे दिसले. ऑनलाइन खरेदीची खोकी उलटी करून वापरायची हे ठरले. एका खोक्यावर लाल तिरप्या रेघांची चौकट, आत बॅटरीचे चित्र आणि खाली यूएन ३४८१ असे छापले आहे. त्याचे काय करावे? शिवाय जुन्या कुरिअरच्या प्लास्टिकच्या पिशव्या तर उलट्या करता येत नाहीत.

पोवई_नाका_कुरिअर (सातारा)

ते चिन्ह लिथियम बॅटरीचे आहे. ते खोके कधीतरी मोबाइल किंवा तत्सम वस्तू घेऊन आले असेल. विमानाने जाणाऱ्या मालावर असे चिन्ह दिसले तर आत बॅटरी आहे असे धरूनच तपासणी होते, आणि कागदपत्रांत भडंग लिहिलेले असेल तर पार्सल अडते. आत जे नाही त्याची धोक्याची चिन्हे बाहेर ठेवू नयेत असा विमान वाहतुकीचा नियमच आहे. ते खोके उलटे करावे किंवा चिन्ह पूर्ण झाकावे. मोबाइल किंवा महागड्या यंत्रांची नावे आणि चित्रे असलेल्या खोक्यांनाही हेच लागू, तिथे कारण मात्र वेगळे. भडंगापेक्षा चित्रावरच हात फिरवणारे लोक वाटेत असतात.

पिशव्यांबद्दल: त्या नीट पाहा. काही कंपन्यांच्या पिशव्यांवर क्रमांक आणि बारकोड कारखान्यातच छापलेला असतो, आणि तो त्यांच्या हिशेबात तुमच्या खात्यावर टाकलेला असतो. तशा पिशव्या दुसऱ्या कोणत्याही सेवेने मुळीच पाठवू नका, त्या गठ्ठा बांधून जुन्या शाखेत परत द्या आणि परत दिल्याची पोच घ्या. क्रमांक नसलेल्या पिशव्या खोक्याच्या आत, माल ओला होऊ नये म्हणून अस्तरासारख्या वापरल्या तर कोणाचीच हरकत असणार नाही. कोरी छापील खोकी परत घ्यायला शाखेने नकार दिला तर तसे त्यांच्याकडून मोबाइलवर लिहून घ्या, आणि मग ती घरात बेदाणा साठवायला वापरा.